डोंगर, काच आणि ओझे

‘कमरा’ हा शब्द तुम्ही घरी रोज वापरता. मराठीत आपण त्याला खोली म्हणतो. ‘कॅमेरा’ हा शब्दही तुम्हांला चांगला ठाऊक आहे. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिन भाषेत ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. पोर्तुगीज लोकांबरोबर हा शब्द थोडा बदलून आपल्या देशात आला आणि उर्दूत तो ‘कमरा’ झाला. फोटो काढण्याच्या यंत्राच्या नावात तो मुळातल्यासारखाच राहिला. काही जण कॅमेऱ्याचा संबंध अरबी ‘क़मर’ म्हणजे चंद्राशी जोडतात. ऐकायला ते छान वाटते, पण ते खरे नाही.

यंत्राला खोलीचे नाव कशासाठी? कारण पहिला कॅमेरा ही खरोखरच एक अंधारी खोली होती. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा शहरात जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला इब्न अल-हैसम नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. प्रकाश सरळ रेषेत कसा जातो, हे त्याने प्रयोग करून तपासले. ग्रहण लागलेल्या सूर्याचा प्रकाश बारीक छिद्रातून आत घेतला, तर समोर सूर्याची कोर उमटते, हे त्याने लिहून ठेवले. ‘किताब अल-मनाज़िर’ हा त्याचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्वानांनी तो शतकानुशतके अभ्यासला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही हा प्रयोग आमच्या वर्गात केला. वर्गाच्या खिडक्या शाळेमागच्या टेकडीकडे उघडतात. मुलांनी घरून चादरी आणि सतरंज्या आणल्या. सगळ्या फटी बुजवल्या आणि एका खिडकीत काळा पुठ्ठा लावून त्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढे भोक पाडले. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसेना. मागच्या बाकावरून हसण्या-खोकण्याचे आवाज येऊ लागले. मग हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या भिंतीवर टेकडी दिसू लागली, ती उलटी! आकाश खाली, माती वर. छताजवळून कुणाच्या तरी बकऱ्या चालल्या होत्या. हसणे थांबले. एक मुलगा म्हणाला, “सर, ही टेकडी आपण रोज पाहतो, पण तिच्यावर एवढी झाडे आहेत, हे आजच दिसले.”

खोलीची पेटी झाली, भोकाच्या जागी भिंग आले, तरी एक अडचण उरलीच. भिंतीवरचे चित्र धरून कसे ठेवायचे? ऊन गेले की चित्र गेले. यावर अनेकांनी डोके लढवले. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने जी रीत जाहीर केली, ती पुढची पंचवीस-तीस वर्षे जगभर चालली. तिच्यात तीन मुख्य वस्तू होत्या : काच, चांदी आणि कापूस.

हो, कापूसच! आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या शेतांत पऱ्हाटीला फुटतो, तोच. कापूस तीव्र आम्लांत बुडवून धुऊन वाळवला, की तो दिसायला तसाच राहतो, पण भडकन पेट घेणारा होतो. हा कापूस ईथर आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात विरघळवला, की मधासारखा चिकट द्रव तयार होतो. त्याला कलोडियन म्हणतात. फोटो काढणारा माणूस स्वच्छ काचेवर हा द्रव ओतून काच अशी तिरपी करी, की त्याचा सारखा थर बसावा. मग ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच पुन्हा अंधारात नेऊन हिराकसाच्या पाण्याने चित्र उमटवायचे. थर वाळला की सगळे फुकट. हाती वेळ असे फक्त दहा-पंधरा मिनिटे. म्हणून जिथे कॅमेरा जाई, तिथे अंधाराचा तंबू जाई, औषधांच्या बाटल्या जात, पाण्याचे भांडे जाई आणि काचांच्या पेट्याही जात.

आता तुम्ही विचाराल, मग लहान काच का नाही घेतली? याचेही कारण आहे. त्या काळी लहान चित्राचे मोठे चित्र करणे फार कठीण होते. काच कागदावर ठेवून उन्हात धरायची आणि कागदावर चित्र छापायचे, अशी पद्धत होती. म्हणजे काच जेवढी, चित्र तेवढेच. तुम्हांला भिंतीवर लावण्याजोगे डोंगराचे चित्र हवे असेल, तर काच तेवढी मोठी हवी आणि कॅमेरा त्याहून मोठा हवा. दहा इंच रुंद आणि बारा इंच लांब काचेचे वजन अर्धा किलो धरा. दोनशे काचांचे ओझे किती झाले, ते तुम्हीच सांगा. यात लाकडी कॅमेरा, तिपाई, तंबू आणि बाटल्या अजून धरलेल्या नाहीत.

आपल्या मुलखात ही विद्या फार लवकर आली. आर्चरच्या शोधानंतर तीनच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. प्रसिद्ध विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले एक जाणते छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्गही निघाला होता.

मुंबईत दुकाने होती, सावली होती, नळ नसला तरी विहीर जवळ होती. डोंगरात काय? भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही अजिंठ्याची डोंगररांग वाचली आहे. तीच रांग पूर्वेकडे सरकत सरकत आपल्या यवतमाळ जिल्ह्यापर्यंत येते. आपल्या टेकड्या म्हणजे तिचे शेपूट म्हणा ना! या रांगेच्या पश्चिमेकडच्या भागात, अजिंठ्याला, मेजर रॉबर्ट गिल नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ नंतर येऊन राहिला. लेण्यांतल्या भिंतींवरच्या चित्रांच्या हुबेहूब प्रती रंगवण्याचे काम त्याला दिले होते. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठी चित्रे रंगवली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि मोजकी सोडून सगळी जळाली. तुमची एक वही हरवली तर तुम्हांला किती वाईट वाटते! या माणसाची वीस वर्षे जळाली.

पण तोवर गिलने कॅमेरा हाती घेतला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने त्याने लेणी, कडे आणि दरी काचेवर उतरवली. वऱ्हाडातल्या लोणारच्या मंदिरांचीही छायाचित्रे त्याने काढली. १८६४ साली त्याची ७४ छायाचित्रे असलेले लेण्यांवरचे पुस्तक लंडनला निघाले. त्यातला मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा होता. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांला माहीत आहेच. अशा हवेत ईथर बाटलीतून उडून जातो आणि काचेवरचा थर बघता बघता वाळतो. कापडाच्या बंद तंबूत त्या औषधांच्या वासात उभे राहणे कसे असेल, याची कल्पना करा. गिल परत गेला नाही. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे.

गिलचा कॅमेरा त्या मानाने लहान होता आणि अजिंठ्याचे डोंगरही फार उंच नाहीत. मोठी काच घेऊन खऱ्या उंच डोंगरांत गेला तो सॅम्युअल बोर्न. हा इंग्लंडमध्ये एका बँकेत कारकून होता. १८६३ साली नोकरी सोडून तो हिंदुस्थानात आला आणि सिमल्याला पोहोचला. त्याच वर्षी २९ जुलैला तो हिमालयात शिरला. बरोबर सुमारे तीस हमाल होते. दहा आठवड्यांनी तो परतला तेव्हा त्याच्याजवळ १४७ काचा होत्या. दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस. दिवसाला दोनच चित्रे पडली. आज मोबाईलवर आपण चहा थंड होण्याच्या आत तेवढी काढतो. पुढच्या वर्षी तो काश्मीरकडे गेला, तो नऊ महिन्यांनी परत आला.

तिसरी सफर सर्वांत मोठी. १८६६ च्या जुलैत तो कुलू, लाहौल आणि स्पीतीकडे निघाला, तेव्हा ओझी वाहायला ऐंशी माणसे होती. त्या सफरीत तो मणिरंग नावाच्या खिंडीवर चढला. तिची उंची त्याने १८,६०० फूट लिहिली आहे, म्हणजे सुमारे ५,६७० मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ती खिंड वरच राहते. तिथे हवा विरळ, बोटे बधिर, पाणी गोठणारे. तरीही तंबू उभारून, काच ओली करून त्याने तीन चित्रे घेतली. एवढ्या उंचीवर पुढची वीस वर्षे कुणी फोटो काढला नाही, असे सांगतात. तिथून पुढे जाऊन त्याने गंगेचा उगमही काचेवर उतरवला.

ही चित्रे मी पुस्तकांत पाहिली आहेत आणि मला ती फार आवडतात. देवदाराची एक एक फांदी वेगळी दिसते. दूरच्या बर्फावरची भेग मोजता येते. घाईने काढलेले चित्र असे येत नाही. काच महाग आणि मोजकी. म्हणून बोर्न आधी जागा हिंडून बघे, ढग थांबण्याची वाट बघे, वारा पडण्याची वाट बघे. पानांनी हलू नये एवढा वेळ भिंग उघडे ठेवावे लागे. ओझे जड असले की माणूस आधी नीट पाहतो, असे मला वाटते.

हे सगळे मी वर्गात रंगून सांगत होतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील कापसाच्या बाजारात हमाली करतात. तिने विचारले, “सर, त्या ऐंशी जणांची नावे काय होती?”

बोर्नने आपल्या सफरींची वर्णने इंग्लंडच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात सविस्तर छापली आहेत. त्यांत खिंडींची नावे आहेत, नद्यांची आहेत, औषधांची आहेत. हमाल मात्र सगळे मिळून एकच आहेत : ‘कुली’. ते पळून जातात, कुरकुर करतात, उशीर करतात, अशा तक्रारी आहेत. एकदा ओझी टाकून गेलेल्या माणसांना त्याने शोधून काढले आणि त्यांच्या खांद्यांवर काठी चालवली, हेही त्याने स्वतःच लिहिले आहे. लाज वाटून नव्हे, सहज लिहिले आहे. पायांत धड जोडे नसलेला माणूस पाठीवर काचांची पेटी घेऊन बर्फातून चालत होता. पेटी घसरली असती तर चित्र गेले असते. पाय घसरला असता तर माणूस गेला असता. आणि सगळी धडपड ज्या चित्रासाठी होती, ते कागदावर छापून झाल्यावर त्याला पाहायला मिळण्याचा संभव फार थोडा.

‘हमाल’ हा शब्द अरबीतून मराठीत आला आहे. बांधकामावर विटा-रेती वाहणाऱ्याला आपण ‘बिगारी’ म्हणतो. तो फारसी ‘बेगार’वरून. बेगार म्हणजे हुकमाने करून घेतलेले, मोबदला नसलेले किंवा नावापुरता मोबदला असलेले काम. हिमालयाच्या गावांत ही बेगार फार जुनी होती. साहेब आला की गावाच्या मुखियाने माणसे पुरवायची, मग शेतात पीक उभे असो की घरात आजारी माणूस असो. नको म्हणण्याची सोय नव्हती. पुढे १९२१ च्या जानेवारीत कुमाऊँमधल्या बागेश्वरच्या जत्रेत हजारो लोक जमले आणि बेगारीसाठी कुणाची पाळी कधी, हे ज्यांत लिहिलेले असे, त्या वह्या त्यांनी शरयू नदीत फेकून दिल्या. मराठीचा तास असूनही त्या दिवशी मी हा इतिहास शिकवला. ‘वेठबिगार’ हा शब्द पाठ करण्यापेक्षा तो असा कळलेला बरा.

यावर एका मुलाने विचारले, “मग स्वतःचे ओझे स्वतः वाहून कुणी डोंगराचा फोटो काढलाच नाही का?” काढला ना! पण काळ बदलला होता. १८७१ नंतर कोरड्या काचेची रीत निघाली. ती काच घरून तयार करून न्यायची आणि परत आल्यावर धुवायची. तंबू आणि बाटल्यांचे ओझे गेले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाची मोठमोठ्या कड्यांची दरी आहे. तिथे १० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा पंचवीस वर्षांचा तरुण मित्रांबरोबर बर्फातून वर चढला. पाठीवर सुमारे अठरा किलोंचे ओझे होते आणि काचा होत्या फक्त बारा. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर तो पोहोचला, तेव्हा दोनच काचा उरल्या होत्या. एक त्याने भिंगावर पिवळी काच लावून घेतली. घेता घेता त्याच्या ध्यानात आले, की यात आकाश फिके येईल; कडा पाहून मनात जे वाटते आहे, ते यात येणार नाही. मग शेवटच्या काचेसाठी त्याने भिंगावर गडद लाल काच लावली. लाल काचेतून आकाशाचा निळा प्रकाश फारसा येत नाही, म्हणून चित्रात आकाश जवळजवळ काळे आले आणि कडा उजळून पुढे आला. ते चित्र जगभर गाजले. बाराच्या ऐवजी बाराशे काचा असत्या, तर तो एवढा विचार करत थांबला असता का, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. मुलींचे म्हणणे, थांबला असता. मुलांना ते पटले नाही.

बोर्न १८७० साली इंग्लंडला परत गेला. त्याच्या भागीदारीतले बोर्न अँड शेफर्ड हे दुकान कलकत्त्यात चालू राहिले. तिथे १९९१ साली आग लागून जुना संग्रह बराचसा जळाला आणि २०१६ साली दुकानही बंद झाले. कागदावर छापलेली चित्रे मात्र देशोदेशीच्या संग्रहालयांत सुखरूप आहेत. बोर्न प्रत्येक काचेवर आपले नाव आणि चित्राचा क्रमांक घालत असे. पुष्कळ चित्रांत खडकावर बसलेला किंवा झाडाखाली उभा असलेला एखादा माणूसही दिसतो. झाड किती उंच आहे, हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून त्याला तिथे उभे केलेले असे. चित्र निघेपर्यंत त्याने हलायचे नाही, हेही एक कामच.

त्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मी एक पुस्तक वर्गात नेले. त्यात बोर्नचे एका हिमनदीचे चित्र होते. त्याच मुलीने विज्ञानाच्या कपाटातले भिंग आणले आणि ती चित्रावर वाकली. बर्फाच्या कडेला काही काळे ठिपके होते. साध्या डोळ्यांना ते दगडच वाटले असते. भिंगाखाली एकाच्या पाठीवर चौकोनी पेटी दिसली. तिने बोट ठेवून मोजले : सात. एका मोठ्या खडकाच्या आड आठवा असावा, असे ती म्हणते. मला तो दगडच वाटतो. पुस्तक अजून वर्गाच्या कपाटात आहे. तुम्ही कधी आमच्या शाळेत आलात, तर पाहून सांगा.